तीर बुडवून जलविहार

डॅन्यूब नदीतील आठ-दहा दिवसांची सफर आटोपून पुण्या-मुंबईची सुखवस्तू मंडळी परतली, की त्यांच्या बोलण्यात एक हळहळ हमखास डोकावते : आपल्याकडे एवढ्या नद्या असताना असे काही का होत नाही? पासाउला बोटीत बसावे, वाखाउच्या खोऱ्यातील द्राक्षमळे पाहत ड्युर्नस्टाइनला उतरावे, इंग्लंडचा राजा रिचर्ड जेथे ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत पडला त्या किल्ल्याची चढण चढावी, आणि पुढे व्हिएन्ना, बुडापेस्ट! या हळहळीवर राज्यकर्त्यांनी तोडगाही काढला आहे. २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यांत नर्मदा आहे आणि तापीही आहे. केवडियाच्या पुतळ्याजवळ २०२० मध्ये पर्यटकांसाठी बोट सुरू झाली. मध्य प्रदेशाच्या काठावरून सरदार सरोवरातून केवडियाकडे क्रूझ नेण्याच्या योजनाही जाहीर झाल्या आहेत. ही क्रूझ ज्या पाण्यातून जाणार, त्याचा सुमारे ५४ किलोमीटरचा दक्षिण तीर नंदुरबार जिल्ह्याचा, म्हणजे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील आदिवासींचा आहे. त्यांना कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

युरोपातील नदीची सफर रम्य का होते, याचा विचार हळहळणाऱ्यांनी कधी केलेला नसतो. ती रम्य होते, कारण तेथे उतरण्याजोगा तीर शिल्लक आहे. आणि तो आपोआप शिल्लक राहिलेला नाही. वाखाउच्या खोऱ्यात धरण घालण्याचा बेत होता. तो लोकांनी हाणून पाडला. व्हिएन्नाच्या खाली हाइनबुर्ग येथे १९८४ च्या डिसेंबरात हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या जंगलात ठाण मांडून बसली, तेव्हा धरणाचे काम थांबले; तेथे १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. हंगेरीत नाजमारोशचे धरण लोकांच्या निदर्शनांपुढे १९८९ मध्ये सरकारला थांबवावे लागले, म्हणून आज समोरच्या विशेग्रादच्या किल्ल्यावरून पर्यटक डॅन्यूबचे मोकळे वळण पाहू शकतात. (हाइनबुर्गच्या वेळी ऑस्ट्रियात समाजवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकार होते आणि कामगार संघटनांचे पुढारी धरणाच्याच बाजूने उभे होते, हे समाजवाद्यांनी सोयीस्करपणे विसरू नये. विकासाची भूल डाव्यांनाही पडते.) जेथे लोक हरले, तेथे काय झाले हेही त्याच नदीत दिसते. रुमानिया आणि युगोस्लाव्हिया यांच्या सीमेवर लोहद्वाराचे धरण १९७२ मध्ये पुरे झाले आणि तुर्की वस्तीचे अदा काले हे बेट आपली मशीद, बाजार आणि घरे यांसह पाण्याखाली गेले. आज त्याच्या डोक्यावरून जहाजे जातात. तेथे उतरता येत नाही.

नर्मदेवर जी क्रूझ आणायची आहे ती वाखाउची नव्हे, अदा कालेची आहे. महाराष्ट्रातील ३३ गावे या धरणाच्या बुडिताच्या यादीत आली. त्यांतील पहिले गाव मणिबेली. तेथील शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिर, जेथे परिक्रमावासी शतकानुशतके थांबत आले, ते पाण्यात गेले आणि त्याच्या नावाचे नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे उभे राहिले. देव हलवता आला. नदीकाठची गाळाची शेते, स्मशाने आणि गावदेवांची ठिकाणे मात्र हलवता येत नाहीत. मणिबेली हे नाव युरोपालाही अपरिचित नाही : १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मोठ्या धरणांच्या धोरणाविरुद्ध देशोदेशींच्या संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याला याच गावाचे नाव दिले गेले. धरणाची दारे २०१७ मध्ये बंद झाली, २०१९ च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरपर्यंत चढले. लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने महाराष्ट्राच्या वाट्याला २७ टक्के वीज आली. ज्यांनी घरे दिली त्यांच्या वाट्याला अथांग पाणी आले.

या पाण्यात आजही बोटी चालतात, पण त्या हौशी प्रवाशांच्या नव्हेत. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना आणि बोट-रुग्णवाहिका यांच्यावर येथील बाळंतिणींचा जीव अवलंबून आहे. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने नदीपलीकडच्या पाड्यांवरील कुपोषित बालके आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी स्वतः नाव वल्हवत रोज अठरा किलोमीटरचा जलप्रवास केला. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले ते योग्यच. पण सरकारी काम करायला एका बाईला स्वतः वल्हे मारावे लागते, याची लाज कोणाला वाटली? २०१९ च्या संक्रांतीला भुषा येथे स्नानाला आलेल्या भाविकांची बोट उलटली, त्यात लहान मुलेही गेली. ज्या सरोवरात गरिबांची बोट बुडते, त्याच सरोवरात श्रीमंतांसाठी वातानुकूलित बोट सोडण्याचा विचार करायला निराळे काळीज लागते.

पर्यटनाने रोजगार येईल, असे सांगितले जाईल. केवडियाला वसाहतीसाठी १९६१ मध्ये सहा गावांची जमीन घेतली गेली. धरणग्रस्त म्हणवून घेण्याचा हक्कही त्यांना मिळाला नाही आणि पर्यटनाचा बाजार त्यांच्या परिसरात भरला. रोजगारच द्यायचा असेल, तर या जलाशयातील मासळीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थांना निर्वेधपणे द्यावा. मध्य प्रदेशात तवा जलाशयावर १९९६ ते २००६ या काळात विस्थापित आदिवासींच्या मत्स्य संघाने तो कारभार करून दाखवला. पुढे सरकारने करारच वाढवला नाही. पाहुण्यांची सामाने वाहण्यापेक्षा स्वतःच्या जाळ्यातील मासळी विकणे कोणालाही अधिक मानाचे वाटेल.

म्हणून मागणी साधी आहे. एस.टी.सारखी ठरल्या वेळेची, ठरल्या भाड्याची, जीवरक्षक साधने असलेली प्रवासी बोट आधी तीरावरील सर्व पाड्यांना मिळाली पाहिजे. रेशन, शाळा आणि रुग्ण यांना तीत अग्रक्रम पाहिजे. पर्यटकांचा धक्का त्यानंतर, आणि तोही ग्रामसभेने हो म्हटले तरच. अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा तेथे लागू आहे. कार्यकर्त्यांनी मणिबेलीपासून भुषापर्यंत प्रत्येक गावात हे ठराव आताच करून घ्यावेत. धक्क्याची खांबोळी रोवल्यानंतर केलेला ठराव तहसील कचेरीच्या आवक नोंदवहीपलीकडे जात नाही.