गुळातील मक्याच्या लाह्या
माळव्यात भुट्ट्याचा कीस घरोघरी होतोच. या खेपेस आम्ही आमच्या वाचक-भगिनींना गुळात घोळविलेल्या मक्याच्या लाह्या सुचवितो. दहा वाट्या फुललेल्या लाह्यांतून न फुटलेले टणक दाणे आधी निवडून काढावेत. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप व वाटीभर चिक्कीचा गूळ मंद आचेवर वितळवावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन कटकन मोडला, की कढई उतरवून चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाक फेसाळून हलका होतो. लागलीच त्यात लाह्या घोळवाव्यात. हा पाक उकळत्या पाण्याहून पुष्कळच तप्त असतो आणि कातडीस चिकटून बसतो. तेवढा वेळ मुलांना स्वयंपाकघराबाहेरच ठेवावे. लाह्या निवताच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. दमट हवेत त्या चिवट होतात.