झुमांच्या खटल्याला आता आपण जायचं

जोहान्सबर्ग, प्रिटोरिया आणि डर्बनमधल्या मराठी बंधुभगिनींनो,

माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या खटल्याला पुन्हा पुढची तारीख पडली. त्याच संध्याकाळी आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "ऐंशी ओलांडलेला म्हातारा आहे, सोडा आता. आपल्याला काय करायचंय?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मोजले, सव्वीस. हे आवाहन त्या सव्वीस जणांना आहे आणि वाचून गप्प बसलेल्यांनाही.

काय करायचंय? आधी आरोपपत्र वाचा. १९९९ च्या शस्त्रखरेदीतलं हे प्रकरण आहे. लाचखोरी, फसवणूक, मनी लाँडरिंग धरून १६ आरोप. ७८३ वेळा पैसे पोचल्याचा हिशेब. २००५ साली आरोप ठेवले गेले. २००९ च्या एप्रिलमध्ये मागे घेतले, आणि मे महिन्यात हे गृहस्थ राष्ट्राध्यक्ष! २०१८ साली आरोप पुन्हा लागले. २०२१ मध्ये त्यांनी आपण निर्दोष असल्याचं कोर्टात सांगितलं. असतीलही. पण मग खटला चालू द्या ना! कधी सरकारी वकीलच नको, कधी तब्येत, कधी अपिलावर अपील. २००५ साली जन्मलेलं पोर आज मतदान करतं.

आता पैसे देणाऱ्यांकडे बघा, म्हणजे मान खाली जाईल. शिक्षा झाली ती झुमांचे आर्थिक सल्लागार, डर्बनचे भारतीय वंशाचे शाबिर शेख यांना. पंधरा वर्षांची, सव्वादोन वर्षांत आजारपणाच्या पॅरोलवर घरी. पुढे आले झुमांच्या मर्जीतले उद्योगपती, सहारनपूरचे गुप्ता बंधू. २०१३ मध्ये त्यांच्या घरच्या लग्नाचं वऱ्हाड उतरलं ते वॉटरक्लूफच्या लष्करी विमानतळावर! दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने मला विचारलं, "तू रे कुठे उतरला होतास?" सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. इथल्या मोठ्या बँकांनी गुप्तांची खाती बंद केली तेव्हा त्यांना आधार उरला बँक ऑफ बडोदाचा. आडनाव पाटील असो की कुलकर्णी, आपण बोललो नाही तर इथल्या माणसाला भारतीय म्हणजे गुप्ताच दिसणार.

झुमांच्या न्कांडलाच्या खासगी घरावर सरकारचे २४ कोटी ६० लाख रँड गेले. त्यात पोहण्याचा तलाव होता, तो म्हणे आग विझवायला. गुरांचा गोठा आणि कोंबड्यांचं खुराडंही सुरक्षेच्या नावाखाली. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने फटकारल्यावर परत आले फक्त ७८ लाख.

"आपण पाहुणे" म्हणणाऱ्यांनी दुकानाची पावती काढून बघावी. २०१८ साली व्हॅट १४ वरून १५ टक्के झाला, तो पाहुण्यांना माफ होता का? महाराष्ट्रातलं भारनियमन मागे टाकून आलो आणि २०२३ मध्ये इथे ३०० हून जास्त दिवस लोडशेडिंग सोसलं. इडलीचं पीठ वाटायचं तर आधी वेळापत्रक बघायचं. सरकारी वीज कंपनी एस्कॉम झुमांच्या काळात कशी पोखरली गेली, ते या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगाच्या अहवालात आहे.

एक भीती मात्र खरी आहे. आयोगापुढे यायला नकार दिला म्हणून २०२१ च्या जुलैत झुमा तुरुंगात गेले आणि त्यावरून उसळलेल्या दंगलीत साडेतीनशेच्या वर माणसं मेली. फिनिक्स या भारतीय वस्तीत तेव्हा काय झालं, ते डर्बनकरांना सांगायला नको. म्हणूनच घोषणा नकोत, झेंडे नकोत, कुणाशी हुज्जत नको. त्या आठवड्यात दूध-ब्रेड गाडीत भरून डर्बनला नेणारं आपलंच मंडळ होतं, कुणाला आठवतंय का? तेव्हा नाही घाबरलो.

१९१२ साली गोखले इथे येऊन पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले ते करार संपलेल्या गिरमिटियांवरचा तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून. त्यांची जयंती हॉल भाड्याने घेऊन साजरी करतो आपण, मग इथे गप्प का?

तर आता कामं. पुढच्या तारखेला पीटरमॅरिट्झबर्गच्या हायकोर्टात किमान चाळीस जण हवेत. कोर्ट सगळ्यांना खुलं आहे, नुसतं बसायचं. न्यायमंत्र्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे: सुनावणी रोजच्या रोज घ्या, एवढीच मागणी. रविवारी सह्या होतील, कुटुंबातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी, "आमच्या ह्यांनी केली" चालणार नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी दिल्लीला आणखी एक पत्र लिहायचं: २०१८ मध्ये आयकर खात्याने गुप्तांच्या मालमत्तांवर छापे घातले, त्याचं पुढे काय झालं? आणि पोरांना बरोबर आणा. शाळा एक दिवस बुडली तरी चालेल.

मिडरँडहून बस आदल्या रात्री दहाला निघेल. चहाला हॅरिस्मिथला थांबू. ओळखपत्र आणि स्वेटर घ्या, डबा मंडळ देईल. त्या सव्वीस जणांच्या जागा मी आधीच धरून ठेवल्या आहेत.