ओसी नाही तर मीटर नाही : सेटबॅकचा हिशेब वाटणीआधीच मांडा

बेळगाव : समजा, 30 बाय 40 फुटांचा वडिलार्जित प्लॉट दोघा भावांनी उभा वाटून घेतला. प्रत्येकाच्या वाट्याला 15 फूट रुंदी आली. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडले, तर घर उरते नऊ फुटांचे. त्यातच भिंतींची जाडीही आली. मग नकाशात सेटबॅक दाखवला जातो आणि भिंत हद्दीला टेकते. ‘पुढे सरकार नियमित करेलच’ हा भरवसा असतोच.

तो भरवसा आता कामाचा राहिलेला नाही. कर्नाटकाच्या ‘अक्रम-सक्रम’ योजनेत 19 ऑक्टोबर 2013 पूर्वीच्या निवासी इमारतींचे 50 टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन दंड भरून नियमित होणार होते. उच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये योजना उचलून धरली. पण महिनाभरातच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

त्यानंतर आला 17 डिसेंबर 2024 चा निकाल. मेरठमध्ये निवासी प्लॉटवर दुकाने बांधल्याचे ते प्रकरण होते. त्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले : भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी, पाहिल्याशिवाय वीज-पाणी जोडणी नाही आणि बँकेचे कर्जही नाही. नियमितीकरण अपवाद म्हणून, तेही एकदाच.

पूर्वी पालिकेची नोटीस यायची आणि वर्षानुवर्षे पडून राहायची. आता गाडी थेट मीटरपाशी अडते. 2025 मध्ये राज्यात अनेक नव्या घरांच्या जोडण्या अशाच रखडल्या. शेवटी सरकारने 1200 चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवरील छोट्या घरांना ओसीतून सूट देण्याचा निर्णय घेतला. पण सूट ओसीपुरतीच आहे. सेटबॅक सोडावा लागतोच.

यावर दोन वाटा आहेत. गुजरातने 2022 मध्ये वटहुकूम काढून झालेली बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली. महाराष्ट्राने 2020 च्या एकत्रित नियमावलीत दाटीच्या जुन्या वस्तीला वेगळी सामासिक अंतरे दिली. पहिली वाट चूक झाल्यावर माफी देते, दुसरी चूक होण्याआधीच नियम जमिनीला जुळवून घेते. भिंतीला भिंत लागून असलेल्या बेळगाव-शहापूरच्या गल्ल्यांना दुसरीच वाट परवडणारी आहे.

तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे : वाटणीपत्रावर सह्या करण्याआधी इंजिनिअरकडून माप घ्यावे. वाटणीनंतर प्लॉट बांधण्याजोगा उरतो की नाही, हे तेव्हाच कळलेले बरे.