देणारा कोण, घेणारा कोण?

पेढीवरचे करारनामे, ट्रान्सपोर्टची पावती, बँकेचे अर्ज आणि दरपत्रके आज बहुतांशी इंग्रजीत असतात. व्याकरणाची चूक वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. परंतु एका शब्दाच्या जागी त्याचा जुळा भाऊ येऊन बसला, तर वाक्य निर्दोष दिसते आणि अर्थ मात्र उलटा होतो. म्हणूनच अशा शब्दांची पारख नाण्यांच्या पारखीइतकीच आवश्यक ठरते.

सर्वांत अधिक घोटाळा शेवटच्या दोन अक्षरांत होतो. ‘एम्प्लॉयर’ म्हणजे नोकरी देणारा आणि ‘एम्प्लॉयी’ म्हणजे नोकरीस ठेवलेला, हे सर्वांना ठाऊक असते. नियम हाच आहे: शेवटी ‘ई-आर’ किंवा ‘ओ-आर’ असेल, तर तो क्रिया करणारा, दुहेरी ‘ई’ असेल, तर ती क्रिया ज्याच्या बाबतीत घडते तो. इंग्लंडवर १०६६ मध्ये नॉर्मन सत्ता आली आणि तेथील कायद्याच्या भाषेत पुढे कित्येक शतके फ्रेंचचा प्रभाव राहिला. हा दुहेरी ‘ई’ त्या भाषेचाच वारसा आहे.

दुकानाच्या लीव्ह अँड लायसन्स करारात ‘लायसेन्सर’ म्हणजे जागेचा मालक आणि ‘लायसेन्सी’ म्हणजे जागा वापरणारा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. मालाच्या पावतीवर ‘कन्साइनर’ माल पाठवणारा, तर ‘कन्साइनी’ ज्याच्या नावे माल पाठवला तो. ही दोन नावे अदलाबदल झाली, तर माल ज्याने पाठवला त्याच्याच नावे सोडवायचा, असा त्या कागदाचा अर्थ होतो.

गहाणखतात मात्र नियम ठाऊक असणाराही फसतो. कर्ज बँक देते. तेव्हा ‘मॉर्गेजर’ बँकच असावी, असे सहज वाटते. वस्तुतः येथे क्रिया कर्ज देण्याची नसून मालमत्ता गहाण देण्याची आहे. म्हणून कर्जदार ‘मॉर्गेजर’ आणि बँक ‘मॉर्गेजी’. चेकच्या बाबतीत तर पक्ष तीन असतात. सही करणारा खातेदार ‘ड्रॉवर’, ज्या बँकेला पैसे देण्याची आज्ञा केली ती ‘ड्रॉई’ आणि ज्याला पैसे मिळायचे तो ‘पेयी’. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, १८८१ च्या कलम १३८ खाली चेक न वटल्याची जबाबदारी येते, ती ‘ड्रॉवर’वर.

काही जुळे शब्द कानाला एकच वाटतात; भेद केवळ डोळ्यांना दिसतो. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘पी-ए-एल’ असेल, तर अर्थ मुद्दल, मुख्याध्यापक किंवा ज्याच्या वतीने अडत्या व्यवहार करतो तो धनी. शेवटी ‘पी-एल-ई’ असेल, तर अर्थ तत्त्व. कर्जाच्या पत्रात मुद्दलाऐवजी तत्त्व परत करण्याचे आश्वासन दिले जाऊ नये! ‘स्टेशनरी’चेही तसेच. ‘ए-आर-वाय’ म्हणजे स्थिर, ‘ई-आर-वाय’ म्हणजे कागद-लेखणीचे सामान. दोहोंचे मूळ एकच आहे: फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्टेशनर’, आणि त्याचा माल ती ‘स्टेशनरी’.

दरपत्रकात ‘कॉम्प्लिमेंटरी’ हा शब्द विशेष सावधपणे लिहावा. ‘एल’नंतर ‘आय’ असेल, तर वस्तू विनामूल्य भेट. ‘ई’ असेल, तर ती पूरक, आणि पूरक वस्तूला मूल्य असू शकते. मालाबरोबर पूरक सुटे भाग देऊ, असे लिहिताना ‘आय’ पडला, तर ग्राहक ते फुकट मागेल आणि कागद त्याच्याच बाजूने बोलेल. ‘कम्प्लीट’ म्हणजे पूर्ण. त्यातील ‘एल’नंतरचा ‘ई’ आठवला, की पूरकचा ‘ई’ विसरत नाही.

‘अॅडव्हाइस’ आणि ‘अॅडव्हाइज’ यांत ‘सी’ असलेला शब्द नाम आहे, म्हणजे सल्ला. ‘एस’ असलेला क्रियापद, म्हणजे सल्ला देणे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत परवाना या अर्थी ‘लायसन्स’च्या शेवटी ‘सी-ई’ येते आणि परवाना देणे या क्रियापदात ‘एस-ई’. अमेरिकेत दोन्हीकडे ‘एस-ई’च लिहितात. एका पत्रात एकच वळण ठेवावे.

घरातील शिकलेल्या मुलांवर मसुदा सोपवला, तरी सही घरच्या कर्त्याचीच असते. म्हणून सहीपूर्वी प्रतीवर प्रत्येक पक्षाच्या नावापुढे मराठीत ‘देणारा’ किंवा ‘घेणारा’ असे लिहून पाहावे, आणि काय दिले-घेतले जाते तेही नोंदवावे. जेथे हात अडखळेल, तेथे कागद पुन्हा वाचावा. हिशेबातील चूक पुढच्या पानावर दुरुस्त करता येते. सही झालेल्या करारातील शब्द दुरुस्त करायला समोरच्याचीही संमती लागते.