तुम्ही व्हा पुढे!

जुलैमधला कुठलाही रविवार घ्या. सकाळच्या लोकलने कर्जतला उतरलेलं पब्लिक रिक्षा भरभरून कोंदिवड्याकडे सुटतं. तिथून कोंडाणे, मग लेणी आणि दम असेल तर थेट वर राजमाची. लेण्यांच्या अलीकडे वाट अरुंद होते, पायाखाली शेवाळ, बाजूला ओढा. आणि नेमका तिथेच पहिल्यांदा ट्रेकला आलेला एखादा ऑफिस ग्रुप उभा असतो. एक जण चप्पल शोधतोय, दोघी सेल्फी काढतायत, आणि त्यांच्यामागे चाळीस माणसं नुसती उभी. मग त्या ग्रुपमधलं कुणीतरी शहाणं माणूस सगळ्यांना कडेला घेतं आणि मागच्यांना म्हणतं, ‘तुम्ही व्हा पुढे!’ दोन मिनिटांत वाट मोकळी. जाता जाता मागचे लोक हसून ‘थँक यू’ म्हणतात, एखादा तर चप्पल शोधायलाही मदत करतो.

नवख्यांवर कुणाचा राग नसतोच, बॉस. राग असतो तो वाटेच्या मधोमध उभं राहण्यावर.

हे ट्रेकिंगच्या कॉलमसाठी लिहिलेलं नाही. विषय आहे गोल्फचा. कारण गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या इनबॉक्समध्ये कधी ना कधी ते मेल येतंच: ‘कॉर्पोरेट गोल्फ डे, बिगिनर्स वेलकम’. ‘वेलकम’ वगैरे ठीक आहे, पण खरी भीती काय असते? बॉल लागणार नाही ही नसते. आपल्यामुळे मागे कुणीतरी खोळंबेल, आणि तो ‘कुणीतरी’ नेमका आपल्या बॉसचा बॉस असेल, ही असते!

आणि गोल्फ आता तसा लांबही राहिलेला नाही. मुंबईत तो आला १८४२ मध्ये, रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबच्या रूपाने, साहेबांसाठी. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पिढ्यान्‌पिढ्या आपण या हिरवळी लोकलच्या नाहीतर टॅक्सीच्या खिडकीतून पाहिल्या. पण कर्जतहून चौकमार्गे जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागा, पनवेल ओलांडा, की खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या शेजारी सिडकोचा गोल्फ कोर्स आहे. २०१२ मध्ये सुरू झालेला. म्हणजे कोंडाण्यासारखाच रायगड जिल्ह्यातला! हा कोर्स सरकारी महामंडळाने काढलेला, त्यामुळे आजोबा क्लबचे मेंबर असण्याची अट नाही. तिथे टी-शर्टची कॉलर नीट करत उभा असलेला नवखा म्हणजे तुम्ही-आम्हीच.

तर, गोल्फमध्ये ‘स्लो प्ले’ नावाचं एक मोठं पाप आहे. चौघांच्या ग्रुपने १८ होल साधारण चार-साडेचार तासांत संपवावेत अशी अपेक्षा असते. ग्रुप एकामागून एक, आठ-दहा मिनिटांच्या अंतराने सोडले जातात. म्हणजे कोर्स ही एक लांबलचक रांगच समजा. टोल नाक्यावर एकाने सुट्ट्यांसाठी पाकीट उघडलं की मागे काय होतं, ते फास्टॅगच्या आधी एक्स्प्रेसवेवर गेलेल्या कुणालाही माहीत आहे. इथेही तेच. एक ग्रुप अडकला की मागचे सगळे अडकतात, आणि सकाळी दहाला झालेला घोळ दुपारी दोनलाही फिटत नाही.

गंमत म्हणजे हा उशीर वाईट खेळण्यामुळे होतो असं सगळ्यांना वाटतं. हिशोब करून बघा. नवखा माणूस १८ होलना १२० फटके मारतो असं धरू. चौघे नवखे, म्हणजे ४८० फटके. प्रत्येक फटक्याआधी दहाच सेकंद फुकट गेले, म्हणजे ग्लोव्ह घालणं, क्लब निवडणं, ‘माझा नंबर आहे का?’ असं विचारणं, तर झाली ४,८०० सेकंदं. तब्बल ८० मिनिटं! त्यात एकही फटका नाही. खरं तर वाईट फटका फार वेळ खातच नाही. बॉल दहा यार्डांवर पडतो, चालत जायचं आणि पुन्हा मारायचं. वेळ खातं ते मधलं रेंगाळणं.

आणि रेंगाळायला नवखंच असावं लागतं असंही नाही हं! २०१८ मध्ये अमेरिकेत टॉरी पाइन्सच्या स्पर्धेत जे. बी. होम्स या प्रोने शेवटच्या होलवर वारा थांबायची वाट बघत एका फटक्याला चार मिनिटं दहा सेकंद घेतली. सोबतचा ॲलेक्स नोरेन बिचारा ताटकळत उभा. जगभरच्या टीव्हीवर हे दिसलं, शिव्या मिळाल्या, दंड मात्र नाही. याउलट २०१३ च्या मास्टर्समध्ये चौदा वर्षांच्या, आठवी-नववीतल्या वयाच्या ग्वान तियानलांग या चिनी मुलाला स्लो प्लेसाठी एका फटक्याचा दंड ठोकला गेला. पोरगं इतकं खमकं की तरीही कट पार करून उरलेले दोन दिवस खेळलं. दंड नियमात बसत होता, मान्य. पण मोठा सुटतो आणि लहान सापडतो हे आपल्या ऑफिसातही नवीन नाही, नाही का?

असो. २०१९ मध्ये गोल्फच्या नियमांची मोठी साफसफाई झाली आणि त्यातले बरेच बदल घड्याळ डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. नवख्यांना हे कुणी सांगतच नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

हरवलेला बॉल शोधायला पूर्वी पाच मिनिटं असायची, आता तीन. तीन म्हणजे तीन. गवतात वाकून ‘इथेच कुठेतरी होता’ म्हणत फिरणं हा गोल्फमधला सगळ्यात हौशी टाइमपास आहे आणि त्याला उतारा नियमातच आहे. बॉल हरवला असेल अशी शंका आली की तिथून हलायच्या आधीच ‘प्रोव्हिजनल’ असं मोठ्याने सांगून दुसरा बॉल मारून ठेवायचा. पहिला सापडला तर उत्तम, नाहीतर दुसरा आहेच. दोनशे यार्ड परत चालत येण्याचा वनवास वाचतो. (पाण्यात गेलेल्या बॉलचा नियम वेगळा, तिथे हे चालत नाही. आणि झाडीत उतरून हात घालण्याआधी आपण रायगड जिल्ह्यात आहोत आणि पावसाळ्यात गवतात आणखीही कुणी राहतं, एवढं ध्यानात असू द्या.)

फटका मारायला वेळ किती? तुमचा नंबर आला आणि समोर अडथळा नसेल तर जास्तीत जास्त चाळीस सेकंद, अशी नियमांची शिफारस आहे. आणि नंबर तरी कशाला? होलपासून लांब असलेला आधी मारतो हा जुना रिवाज. पण स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे आपण नेहमी फटके मोजत खेळतो त्या प्रकारात, जो तयार आहे त्याने सुरक्षित असेल तर आधी मारावं, असं आता नियमच सुचवतात. याला म्हणतात ‘रेडी गोल्फ’. ‘आधी आप, आधी आप’ करण्याची लखनवी अदब इथे गैरलागू. मॅच प्ले असेल तर मात्र क्रम पाळा, तिथे प्रतिस्पर्धी तुमचा फटका रद्द करायला लावू शकतो. झेंडा होलमध्येच ठेवून पट केलं तरी आता दंड नाही, त्यामुळे ‘झेंडा काढू का, ठेवू का’ ही चर्चासुद्धा संपली.

नवख्यांसाठी सगळ्यात मोठी सोय आहे बॉल खिशात घालण्याची. पार ४ च्या होलवर आठ फटके झाले, बॉल अजून बंकरमध्येच? उचला. मित्रामित्रांच्या गेममध्ये पारच्या दुप्पट झाले की उचलायचं, हा सर्रास चालणारा रिवाज आहे. स्पर्धेतही ‘मॅक्सिमम स्कोअर’ नावाचा प्रकार २०१९ पासून नियमांत आहे. यात अपमान कसला? उलट मागचा ग्रुप मनातल्या मनात तुमची आरती करतो.

आता टी. बरेच नवखे पुरुष सगळ्यात मागच्या टीवरून मारतात, कारण पुढच्या टीला कुणीतरी ‘लेडीज टी’ असं नाव देऊन ठेवलंय. पुढची टी बायकांसाठी नसते, कमी लांब मारणाऱ्यांसाठी असते. आमच्या ओळखीतल्या दोघी-तिघी अशा आहेत की या हट्टी पुरुषांपेक्षा लांब मारतात आणि वर त्यांची वाट बघत उभ्या राहतात. तेव्हा मर्दानगी जिममध्ये दाखवा, कोर्सवर पुढे या!

ग्रीनवर पोहोचल्यावर बॅग किंवा गाडी पुढच्या टीच्या बाजूला ठेवा, म्हणजे परत मागे फिरावं लागत नाही. होल संपला की तिथेच उभं राहून ‘तुझे सात की आठ?’ हा हिशोब मांडू नका. मागचे बॉल घेऊन तयार असतात. स्कोअर पुढच्या टीवर लिहा. आणि कृपा करून कोर्सवर शिकवणी घेऊ नका. ‘कोपर सरळ ठेव, मान खाली’ म्हणत गर्लफ्रेंडला धडे देणारा बॉयफ्रेंड हा स्लो प्लेचा जागतिक ब्रँड अँबॅसिडर आहे. त्यासाठी ड्रायव्हिंग रेंज असते.

घाई करा म्हणजे पळा असंही नाही हं. बंकरमधली वाळू रेकने सारखी करणं, ग्रीनवर बॉल आदळून पडलेला खड्डा बुजवणं, उडालेला गवताचा ढेकूळ जागेवर बसवणं, यात वाचवायचं काही नाही. दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय देऊ नका, त्याच्या फटक्याच्या वेळी मोबाइल वाजू देऊ नका. आणि बॉल भलतीकडे, माणसांच्या दिशेने गेला तर जिवाच्या आकांताने ‘फोर!’ ओरडा. आपल्या क्रिकेटी कानांना हा चौकार वाटतो आणि माणूस बॉल कुठे गेला ते बघायला मान वर करतो. तसं करू नका. कुणी ‘फोर’ ओरडलं की डोकं झाका आणि खाली वाका. पुढचा ग्रुप टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारायचं नाही, कितीही उशीर झाला असला तरी. इथे उशीर परवडतो.

या सगळ्यात एक माणूस आहे ज्याचा वेळ खऱ्या अर्थाने पैसा आहे, आणि तो तुमचा बॉस नव्हे. तो कॅडी. तुमची बॅग उचलणारा, बॉल कुठे पडला ते तुमच्याआधी बघणारा, ग्रीनचा उतार एका नजरेत सांगणारा. त्याला सहसा राउंडमागे पैसे मिळतात. सकाळचा राउंड चार तासांत संपला तर दुपारचा दुसरा मिळण्याची आशा असते. तोच साडेपाच-सहा तासांवर गेला की दुसरा गेला, कारण सूर्य काही सिडकोच्या ऑर्डरवर मावळत नाही. तुमचा आळस त्याची अर्धी कमाई खातो. टिप देताना हे आठवा, पण त्याहून आधी, सातव्या होलवर चौथी प्रॅक्टिस स्विंग घेताना आठवा. आणि त्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नका. वयाने मोठा असेल तर ‘काका’, नाहीतर ‘दादा’ म्हणा. याच जमातीतला अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता, आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल तोच. म्हणून कॅडीने ‘सर, सात नंबरचा घ्या’ म्हटलं की सातच घ्यावा, इंटरनेटवरच्या व्हिडिओत काहीही बघितलं असलं तरी.

राहता राहिलं ते ‘तुम्ही व्हा पुढे’. हे कधी म्हणायचं, यात जुने खेळाडूही चुकतात. बहुतेक जण मागे वळून बघतात की मागचे किती जवळ आलेत. बघायचं पुढे! पुढचा ग्रुप तुमच्या नजरेच्या टप्प्यात असेल तर तुम्ही वेळेत आहात, मागच्याने कितीही कमरेवर हात ठेवले तरी. पुढे अख्खा होल रिकामा असेल आणि मागे माणसं उभी असतील, तर तुम्ही बूच आहात. मग वाट द्या. त्याला सगळ्यात सोपी जागा म्हणजे पार ३ चा छोटा होल. तुम्ही चौघे ग्रीनवर पोहोचलात की बॉलच्या जागी मार्कर ठेवा, बाजूला सुरक्षित उभे राहा आणि मागच्यांना हात करून मारायला सांगा. ते मारतील, चालत येतील, पट करतील, पुढे जातील. पाच-सात मिनिटांचा मामला. मधल्या वेळात पाणी प्या. पण पुढेही गर्दी असेल तर वाट देऊन उपयोग नाही. मागचा तुमच्या पुढे जाऊन तिथेच थांबणार.

आणि तुम्ही मागच्या ग्रुपमध्ये असाल तर? समोरच्या नवख्यांवर मुद्दाम बॉल टाकून ‘आम्ही आहोत’ हे कळवण्याची एक घाणेरडी पद्धत आहे. दोनशे यार्डांवरून आलेला बॉल डोक्यात बसला तर माणूस हॉस्पिटलात जातो. त्यापेक्षा टीवर गाठा, हसून विचारा, ‘आम्ही पुढे जाऊ का?’ बहुतेक नवखे तर कुणीतरी हे विचारावं याचीच वाट बघत असतात. नियम माहीत नसतो, विचारायला लाज वाटते, आणि ती पोरं पुढच्या रविवारी पुन्हा कोंदिवड्याच्या रिक्षात बसतात, खारघरला येत नाहीत.

पावसाळ्यात जाणार असाल तर आधी फोन करा, बऱ्याच कोर्सवर पाणी साचून काही होल बंद असतात. पहिल्यांदाच जाताय तर १८ चा हट्ट नको, नऊ खेळा. दुपारची, कमी गर्दीची वेळ मागा आणि बुकिंग करतानाच ‘आम्ही चौघेही नवीन आहोत’ असं सांगून टाका. स्टार्टर तुम्हाला त्या हिशोबाने सोडेल. खिशात दोन जास्तीचे बॉल, टी, मार्कर आणि खड्डा बुजवायचा काटा, एवढं पुरे.

हो, आणि चप्पल नको. शूज घाला.