झाडाचे वय विचारू नका, जागा मोजा



तुमच्या गावात एखादे जुने, प्रचंड झाड असेलच. वड असेल, पिंपळ असेल, चिंच असेल. ते किती जुने आहे असे कोणा वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. उत्तर बहुधा ठरलेले असते, "चारशे वर्षांचे तरी असेल." मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे कोणी आकडा सांगितला की तो कसा मोजला हे विचारायची खोड मला लागली आहे. इथे मात्र ते विचारले की समोरचा माणूस गप्प होतो, आणि थोडा रागावतोही. झाडाच्या थोरवीवरच मी शंका घेतली असे त्याला वाटते.

मला शंका घ्यायची आहे ती थोरवीवर नाही, मोजमापावर. आपण झाडाचे चुकीचे माप विचारतो, आणि म्हणून झाड वाचवतानाही चुकतो, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची मंडळी सांगलीहून साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. मुलगी नववीत आहे, मुलगा सहावीत. एक दिवस वैराटगड चढायचे ठरले. पाचवडला उतरून पुढे म्हसवे गाव लागते. जावळी तालुक्यातले हे गाव गडाच्या पायथ्याशी आहे आणि तिथेच तो प्रसिद्ध वड आहे. आधी वड पाहायचा, मग गड, असा बेत होता.

वड पाहायचा म्हणजे काय करायचे हे तिथे गेल्यावर कळेना. एखादे झाड आपण समोर उभे राहून, मान वर करून पाहतो. इथे समोर असे काही नव्हतेच. उन्हातून सावलीत शिरलो आणि मग एका खोडाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे चालतच राहिलो. मुलाने खोडे मोजायला सुरुवात केली, दोनदा चुकला आणि सोडून दिले. मुलीने विचारले, "बाबा, यातलं मूळ झाड कोणतं?" मला सांगता येईना. तिथे शेळ्या घेऊन बसलेल्या एका आजोबांना तिने तेच विचारले. ते हसले आणि म्हणाले, "मूळ कशाचं बाळ? हे समदं एकच हाय."

गडाच्या अर्ध्या चढावर भाकरी सोडायला बसलो तेव्हा खाली वळून पाहिले. मोकळ्या शेतांच्या मधोमध ती गर्द हिरवी जागा दिसत होती. मुलगा म्हणाला, "हे तर बेट आहे!" पाण्यातल्या जमिनीला आपण बेट म्हणतो आणि बांबूच्या दाट जाळीलाही बेटच म्हणतो. आपल्या भाषेने हे दोन्ही अर्थ एका शब्दात का ठेवले असावेत, ते त्या उंचीवरून चांगले दिसले.

आता मोजमापाकडे येऊ. वैराटगडाजवळच्या या वडाचे माप ली-वॉर्नर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८२ मध्ये घेतले होते. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतून ते उद्धृत केलेले आढळते. विस्ताराचा घेर १,५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम रुंदी ४४२ फूट. दीडशे वर्षांपूर्वीच्या या आकड्यांवर विश्वास ठेवावा काय? वही-पेन्सिल घ्या, आपण तपासू.

५९५ आणि ४४२ फुटांच्या दोन रेषा एकमेकींना मधोमध काटकोनात छेदतात असे धरा. त्यांची चार टोके सरळ रेषांनी जोडली की समभुज चौकोन होतो. पायथागोरसच्या सिद्धांताने त्याची एक बाजू सुमारे ३७०.६ फूट येते, म्हणजे परिमिती १,४८२ फूट. या चार टोकांतून जाणारा घेर यापेक्षा कमी असूच शकत नाही. आता त्याच चार टोकांतून लंबवर्तुळ काढले तर त्याचा परीघ सुमारे १,६३८ फूट भरतो. मोजलेला घेर १,५८७ आहे, बरोबर या दोहोंच्या मध्ये. म्हणजे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. फीत धरणाऱ्याने थापा मारलेल्या नाहीत. चौकोनाचे क्षेत्रफळ तीन एकर येते आणि लंबवर्तुळाचे पावणेपाच एकर. तेव्हा १८८२ मध्ये हा वड ढोबळमानाने चार एकरांवर पसरला होता, असे मी निर्धास्तपणे सांगेन. आंध्र प्रदेशातला तिम्मम्मा मर्रिमानु हा वड १९८९ मध्ये गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात गेला. त्याचा विस्तार दोन हेक्टरांच्या आसपास, म्हणजे पाच एकरांच्या जवळपास आहे. आपल्या साताऱ्याचा वड त्याच्या फार मागे नव्हता.

गंमत पाहा. त्या माणसाने वय लिहून ठेवले नाही, जागा लिहून ठेवली. म्हणूनच आज आपण त्याचे म्हणणे तपासू शकलो. त्याने "चारशे वर्षे" एवढेच लिहिले असते तर काय तपासले असते?

वडाचे वय सांगणे इतके अवघड का? सागाचे ओंडके तुम्ही वखारीत पाहिले असतील. त्यांच्या कापावर वर्तुळे दिसतात. पावसाळ्यात वाढ, उन्हाळ्यात थांबणे, अशी दर वर्षाची एक खूण उमटते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सागाच्या अशा वर्तुळांवरून जुन्या काळातल्या मोसमी पावसाचा माग काढला आहे. वडाच्या लाकडात अशी स्पष्ट वार्षिक वर्तुळे मिळत नाहीत. शिवाय मोजायचे कोणते खोड? कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाला वादळांनी जखमा झाल्या, बुरशी लागली आणि १९२५ मध्ये त्याचे मूळ खोड काढून टाकावे लागले. झाड मेले नाही. ते आजही पारंब्यांच्या हजारो खांबांवर उभे आहे. आता त्याचे वय नसलेल्या खोडावरून मोजायचे की कालपरवा जमिनीला टेकलेल्या पारंबीवरून? म्हसव्याच्या त्या आजोबांचे उत्तर शास्त्राला धरूनच होते.

वडाची ही युक्ती पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने फार देखणी आहे, म्हणून जरा थांबतो. एका टोकाला पक्की धरलेली आडवी फांदी घ्या. तिची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होते, आणि ते वजन बुंध्यापासून दुप्पट अंतरावर जाते. म्हणून फांदीला बुंध्याशी मोडू पाहणारा जोर चौपट होतो. लांबी तिप्पट तर जोर नऊपट. यामुळेच बहुतेक झाडांच्या फांद्यांना एक मर्यादा असते. आता फांदीच्या टोकाखाली एक खांब द्या. हिशेब केला तर बुंध्याशी येणारा तो जोर एकदम एक चतुर्थांशावर येतो. वड नेमके हेच करतो. दोऱ्यासारखी लोंबणारी पारंबी जमिनीला लागली की ती जाड होऊ लागते. वडाच्याच गोत्रातल्या फायकस बेंजामिना या झाडाच्या पारंब्यांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीत रुजल्यावर पारंबी आखडते आणि तंबूच्या दोरीसारखी ताणली जाते, असे त्यात आढळले. आधी ताण, मग खांब, मग पुढची फांदी. अशा रीतीने वड चालत जातो.

पण या सगळ्याला एक अट आहे. पारंबी जिथे टेकेल तिथे माती हवी. डांबर, काँक्रीट किंवा फरशी चालत नाही.

आता सांगली जिल्ह्यात येऊ. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोसे गावाजवळ यल्लम्मा देवीच्या मंदिरापाशी एक मोठा वड होता. त्यालाही लोक ४०० वर्षांचा म्हणत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार असे २०२० मध्ये कळले. लोक उठले, त्यांनी झाडाभोवती उभे राहून विरोध केला, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले आणि रस्त्याची आखणी बदलण्याचा निर्णय झाला. झाड वाचले. आम्हा सर्वांना फार आनंद झाला होता. आणि २०२२ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडी, तो वड कोसळला.

त्या झाडासाठी झटलेल्या माणसांविषयी मला आदर आहे. पण त्या वेळची चर्चा आठवून पाहा. सर्वत्र एकच आकडा होता, ४००. झाडाला किती जमीन लागते हा आकडा मला तरी कोठे वाचल्याचे आठवत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या साधारण मीटरभर थरात असतात आणि ती फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर जातात. वाऱ्याचा जोर वर शेंड्यावर येतो. त्याला तोंड देणारा तरफेचा दुसरा हात म्हणजे ही पसरलेली मुळे आणि त्यांनी धरलेली माती. यंत्रांच्या वजनाने माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही, आणि बाजूला खोदकाम झाले की तो हातच आखूड होतो. कोणत्याही मोठ्या झाडाशेजारी काम काढताना हे लक्षात ठेवले पाहिजे. खोडाभोवती दहा फूट जागा सोडून "झाड वाचवले" म्हणणे हे घराचा एक खांब ठेवून पाया उकरण्यासारखे आहे.

आपला कायदाही वयाच्याच भाषेत बोलतो. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले गेले, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे तितकी रोपे लावावीत असे ठरले. हेतू चांगला आहे. पण हिशेब करून पाहा. चारशे वर्षांच्या वडाबदली चारशे रोपे तीन-तीन मीटरांवर लावली तर जागा लागते ३,६०० चौरस मीटर, म्हणजे एक एकरही नाही. आणि ती सगळी जगली असे धरून! शिवाय हा कायदा शहरांपुरता आहे. म्हसवे आणि भोसे ही तर गावे.

तुम्ही म्हणाल, वय कळले तर लोकांना झाडाविषयी आपुलकी वाटते, त्याचे काय? खरे आहे. जपानच्या दक्षिणेला याकुशिमा नावाचे जंगलांनी भरलेले बेट आहे. तिथे डोंगर चढून लोक एक सुगी जातीचे झाड पाहायला जातात, मुलाबाळांसह जातात. त्याचे नाव जोमोन सुगी. त्याचा गाभा पोकळ असल्याने सगळी वर्तुळे मोजता येत नाहीत, आणि वयाचे अंदाज दोन हजारांपासून सात हजार वर्षांपर्यंत जातात. पण जपान्यांनी तो वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. येणाऱ्यांच्या पावलांनी मुळांवरची माती तुडवली जाते हे ध्यानात आल्यावर त्यांनी थोड्या अंतरावर लाकडी मचाण बांधले. आता झाड तिथूनच पाहायचे, मिठी मारायची नाही.

आपल्याला ही दृष्टी परकी आहे असेही नाही. कासच्या पठाराजवळ घाटाई देवीची देवराई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून शास्त्रज्ञ या जागांकडे आदराने पाहू लागले. देवराईचा जुना नियम काय असे? एखादे झाड तोडू नका एवढाच नव्हे, तर पडलेले लाकूडही तिथून न्यायचे नाही. म्हणजे राखली जात होती ती जागा, पाचोळ्यासकट. झाडे त्या जागेत आपोआप राखली गेली. देवावर श्रद्धा असो वा नसो, ही मर्यादा आखण्याची पद्धत मला शास्त्रीय वाटते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेजवळचे एखादे मोठे झाड निवडा. मुलांना आपले पाऊल किती सेंटिमीटरचे ते आधी काढायला लावा, मग दुपारी बाराच्या सुमारास सावलीची दक्षिणोत्तर आणि पूर्व-पश्चिम लांबी व घेर पावलांनी मोजायला लावा. वर केली तशी पडताळणीही करता येईल. त्याशिवाय आणखी एक माप घ्या. सावलीखालची किती जमीन उघडी आहे आणि किती डांबर-फरशीखाली आहे, ते मोजा. तारीख घालून लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. म्हसव्याला तर साताऱ्याच्या शाळांनी १८८२ ची नोंद हातात घेऊनच जावे.

सांगलीला परत आल्यावर माझ्या मुलीने आमच्या घराच्या कोपऱ्यावरचा वड मोजला. त्याच्या पारंब्या वाहनांना अडतात म्हणून दर वर्षी छाटल्या जातात, आणि पार बांधून त्याच्या चारही बाजूंनी फरशी केलेली आहे. तिच्या वहीतली नोंद अशी आहे: सावली दक्षिणोत्तर ३८ पावले, पूर्व-पश्चिम ३१ पावले. उघडी माती ४ पावले बाय ४ पावले. जमिनीला टेकलेल्या पारंब्या, शून्य.