बांधावरून : भिंतीवरचा फळा

२०२५ सालच्या मे महिन्याची अखेर. तेंदूपानांचा हंगाम आटोपत आला होता आणि आम्ही खरिपाच्या सभा घेत गावोगाव हिंडत होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावी सभा संपली, चहा आला आणि कुणीतरी आणलेले जुने वर्तमानपत्र हातोहात फिरू लागले. त्यात डॉ. जयंत नारळीकरांचा फोटो होता. २० मे रोजी ते पुण्यात वारले होते.

ज्यांच्या छपरीत आम्ही बसलो होतो ते कास्तकार फोटो पाहून म्हणाले, "साहेब, यायचे वडीलच म्हने गनिताचे प्रोफेसर होते. मंग पोराले गनित येनारच. आमच्या खानदानात गनित नाही, म्हनून आमची पोरगी दहावीत अडकली. आता राहीन घरीच. रोवन्याले एक हात होईन." पोरगी दाराआड उभी होती. तिने सगळे ऐकले.

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. घरी येताना गाडीवर मात्र तेच डोक्यात घोळत राहिले. म्हणून आज त्या वडिलांविषयीच लिहितो. मुलाला सारा महाराष्ट्र ओळखतो, बापाला फारसे कुणी ओळखत नाही.

विष्णु वासुदेव नारळीकर हे त्यांचे नाव. जन्म कोल्हापूरचा, १९०८ सालचा. मुंबईत बी. एस्सी. करून ते विलायतेत केंब्रिजला गेले आणि तिथे रँग्लर झाले. रँग्लर म्हणजे काय, असे पुष्कळजण विचारतात. केंब्रिजच्या गणिताच्या मोठ्या परीक्षेत जे पहिल्या वर्गात येतात त्यांना रँग्लर म्हणतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. असा माणूस तिकडेच राहिला असता तर कुणी नाव ठेवले नसते. पण पंडित मदनमोहन मालवीय काशीच्या हिंदू विद्यापीठासाठी चांगली माणसे गोळा करीत होते. त्यांनी या तरुणाला बोलावले आणि १९३२ साली, जेमतेम चोविशीत, नारळीकर तिथल्या गणित विभागाचे प्रमुख झाले. पुढची अठ्ठावीस वर्षे ते तिथेच होते.

त्यांचा विषय आईन्स्टाईनच्या सापेक्षतेचा. आपल्याकडे तो शिकवणारे त्या काळी बोटांवर मोजण्याइतके असतील. नारळीकरांनी काशीत बसून त्या विषयाची एक शाळाच उभी केली. १९४२ साली प्रल्हाद वैद्य नावाचा एक गुजराती तरुण त्यांच्याकडे शिकायला आला. बरोबर बायको आणि तान्ही मुलगी. पगार नाही, गाठीला थोडी शिल्लक, तेवढ्यावर काही महिने काढायचे. वर्ष आठवा, बेचाळीसचे. देश पेटलेला, महागाईचे दिवस. गुरूने त्याला जो विषय दिला तो असा : सूर्यासारखा तारा सारखा प्रकाश टाकीत असतो, म्हणजे कंदिलातले तेल उतरावे तसे त्याचे वजन कणाकणाने उतरत असते. मग त्याच्या ओढीचे गणित कसे मांडायचे? वैद्यांनी ते मांडून दाखवले आणि १९४३ साली ते छापून आले. आज जगभरच्या पुस्तकांत ते वैद्यांच्या नावाने शिकवतात. गुरूचे नाव त्याला नाही. मला स्वतःला नारळीकरांची थोरवी यातच अधिक दिसते.

आता घरचे सांगतो, कारण आपल्या छपरीतल्या प्रश्नाचे उत्तर घरातच आहे.

त्यांच्या पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. मुलगे दोन, जयंत आणि अनंत. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, असे दोघांचे शिक्षण झाले. (आपल्याकडे घरात गोंडी किंवा माडिया आणि शाळेत मराठी, म्हणून मुले मागे पडतात असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अर्थात त्या घरात पुस्तकांचा ढीग होता हेही खरे.) वडिलांनी केले काय, तर घराच्या भिंतींवर मुलांसाठी फळे बसवून घेतले. शाळेत असतात तसे. चित्रे काढा, रेघोट्या मारा, आकडे लिहा, तुमची मर्जी.

पुढे मुलांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, एम. एस्सी. करायला काशीला आले आणि त्यांच्याच घरी राहिले. भाच्याला गणिताची गोडी आहे हे मामांनी हेरले. ते फळ्यावर एक अवघड गणित लिहीत आणि वर मथळा देत : जे. व्ही. एन. साठी आव्हान. जे. व्ही. एन. म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. ते गणित सुटेपर्यंत, नाही तर भाचा हरलो म्हणेपर्यंत, फळ्यावर तसेच राही. येता-जाता दिसे, जेवताना डोक्यात फिरे. हरलो म्हणायची पाळी फार वेळा आली नाही, असे जयंतरावांनीच सांगून ठेवले आहे. हाच मुलगा पुढे केंब्रिजला गेला आणि १९५९ साली तिथल्या परीक्षेत पहिला आला. धाकटे अनंतही शास्त्रज्ञच झाले, पदार्थविज्ञानात. वडील १९६० साली काशी सोडून राजस्थानच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, तिथून पुणे विद्यापीठात पुन्हा गणित शिकवायला आले आणि १९९१ साली वारले.

कास्तकारांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. बाप रँग्लर, मामा गणिती, विद्यापीठाच्या आवारातले घर. हे आपल्या वाट्याला कुठून यायचे? पण बापाला गणित येते म्हणून मुलाला येते, हे मी मानत नाही. त्याला माझेच घर साक्षीला आहे. माझ्या मुलाने गणित विचारले की मी घाईघाईने उत्तर सांगून मोकळा होत असे. दौऱ्यावरून थकून आलेला, चपला अजून पायात. त्याचा प्रश्न मिटला की मला बरे वाटे. मुलगा उत्तरे घ्यायला शिकला, गणित शिकला नाही. आणि मी बी. एस्सी. ॲग्रिकल्चर! नारळीकरांच्या घरी गणित भिंतीवर राहू देत. मला दोन दिवस ते जमले नाही.

जूनमध्ये त्याच गावी पुन्हा गेलो तेव्हा काळ्या ऑइलपेंटचा एक लहान डबा घेऊन गेलो. शाळेतल्या गुरुजींनी समजावल्यामुळे पोरीचा पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला गेला होता. छपरीच्या प्लास्टर केलेल्या भिंतीवर आम्ही दोन हात रुंद फळा रंगवला. पहिले गणित सोपे दिले. धानाचे बियाणे पेरण्याआधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून पोचट दाणे काढायचे असतात. तर दहा लिटर पाण्याला मीठ किती? तीनशे ग्रॅम, तिने उभ्या उभ्या सांगितले. दुसरे लिहून मी निघालो : रोवणी २० बाय १५ सेंटिमीटरवर केली तर एका चौरस मीटरात चूड किती?

तिसऱ्या दिवशी फोन आला, तो बापाचा. "साहेब, सांगून टाका ना. पोरगी जेवताजेवता उठून भिंतीकडे जाते." मी सांगितले नाही. सांगायला जीभ फार वळवळली, हे कबूल करतो.

पाचव्या दिवशी तिचा स्वतःचा फोन आला. "तेहतीस आनि वरती एक तृतीयांश. पन साहेब, एक तृतीयांश चूड रोवाचं कसं?"

पुरवणी परीक्षेत ती काठावर सुटली. सदतीस गुण. ऑगस्टमध्ये धानाची पाहणी करायला गेलो तेव्हा अकरावीत नाव घातलेले होते आणि भिंतीवर नवे गणित होते, पण अक्षर तिचे नव्हते. वर लिहिले होते, 'साहेबांसाठी'. तीन एकर रोवणीचा गुत्ता बारा हजार रुपयांना. पहिल्या दिवशी दहा बाया, दुसऱ्या दिवशी सोळा, तिसऱ्या दिवशी आठ पण अर्धाच दिवस. एकीला एका दिवसाचे किती?

"चारशे," मी म्हणालो. मनातल्या मनात केले आणि जरा ऐटीतच सांगितले.

"खाली वाचा," कास्तकार म्हणाले. खाली बारीक अक्षरात होते : दुसऱ्या दिवशी दोघी लेकरांना पाजायला घरी गेल्या, पण परत येऊन अंधार पडेपर्यंत थांबल्या. त्यांचे कापायचे का?

बापलेकी दोघेही माझ्याकडे पाहत होती. मी त्यांच्याकडे पुढच्या खेपेपर्यंतची मुदत मागितली. गणित अजून फळ्यावर आहे.